आम्ही शिवलेला शेवट

दोन वेगळ्या कंपन्यांचे सुपरहिरो एका कथेत आणले की त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. ज्यांना हे माहीत नाही त्यांनी एखादं लग्न आठवावं. दोन्हीकडची मंडळी एका मांडवात येतात आणि निम्मा वेळ मानपानात जातो. ह्यांच्या हिरोने पाच गुंड लोळवले की त्यांच्याही हिरोने पाच लोळवलेच पाहिजेत. ह्याला पानभर चित्र मिळालं की त्यालाही पानभर. आधी दोघं गैरसमजातून एकमेकांना बडवतात, पण कोणी जिंकत नाही, कारण हरणाऱ्याची मंडळी रुसून बसतील. मग दोघं मिळून तिसऱ्याला बडवतात. शेवटी दोन जगांमधलं दार बंद होतं आणि दोघांनाही झालेलं सगळं विसरायला लावतात, म्हणजे पुढच्या महिन्यापासून ज्याचं त्याचं मासिक पहिल्यासारखं सुरू.

ह्या विसरण्याचा मला मनापासून राग आहे. मार खाल्ला, रक्त सांडलं, एकमेकांचा जीव वाचवला, आणि घरी गेल्यावर काहीच आठवत नाही? मग आम्ही वाचलं कशाला? हे मी कॉमिक्सच्या चाहत्यांच्या ग्रुपवर इतक्या वेळा लिहिलं आहे की मी लिहायला लागले की काही जण जांभईचं चित्र टाकतात.

ग्रुपवर सगळे मला दादा म्हणतात. काही जण सर म्हणतात. मी पन्नाशीला टेकलेली बाई आहे, विम्याच्या कार्यालयात काम करते आणि जुळे सोलापूर ह्या उपनगरात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते, हे त्यांना ठाऊक नाही. फोटोच्या जागी मी एका तांब्याच्या मुखवट्याचं चित्र लावलं आहे. पहिल्यांदा कुणी दादा म्हटलं तेव्हा दुरुस्त केलं नाही आणि मग राहूनच गेलं. बाई म्हटल्यावर ही पोरं माझ्याशी जपून बोलायला लागतील, आणि जपून बोलणारी माणसं मला ऑफिसात पुरेशी आहेत.

ग्रुप जागा होतो तो रविवारी. मला तेच सोयीचं आहे. रविवारी सकाळी मंडईतून भाजी आणली, कपडे वाळत घातले, भावाला पुण्याला फोन लावून त्याची तब्येत आणि त्याच्या बायकोची तक्रार ऐकून घेतली, की पुढचा सगळा दिवस अंगावर येतो. एकटेपणाचं कौतुक करणारे लेख मी वाचले आहेत. ते लिहिणाऱ्यांच्या घरी संध्याकाळी कुणीतरी परत येत असणार. माझ्याकडे दारावरची बेल वाजते ती कुरिअरवाल्याची, आणि तोही बहुतेक वेळा समोरच्या फ्लॅटचं पार्सल ठेवून घ्याल का म्हणून विचारतो.

तर मी भांडते. एकजण म्हणतो क्रॉसओव्हर म्हणजे दोन मासिकं एकदम खपवायची युक्ती. दुसऱ्याला फक्त कोण कुणाला हरवेल ह्यात रस. तो ताकदीचे तक्ते मांडून बसतो, तेही असे की एखाद्या पहिलवानाला लाज वाटावी. नागपूरचा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे, तो फार वाचलेला आणि फार सभ्य. त्याचं म्हणणं, विसरणं आवश्यक आहे. ते विसरले नाहीत तर दोन्ही जगांचा इतिहास बिघडेल. मी लिहिलं, इतिहास गेला खड्ड्यात. मी अशी एक कथा वाचली आहे जिच्यात दोघं विसरत नाहीत. सगळं पुसलं गेल्यावरही शेवटच्या अंकात ते एकमेकांना ओळखतात. माझ्याकडे ती आहे. सहाही अंक.

खरंच आहे. कपाटात सगळ्यात खाली, आईच्या इरकल साडीखाली, सहा अंक एकत्र शिवून ठेवलेले आहेत. ते कुठून आले हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आम्ही विणकर, घरात तेलुगू बोलणारे. शहराच्या पूर्व भागात आमचे टॉवेलचे दोन माग होते. शेजारच्या घरात माझ्याच वयाची एक मुलगी होती. तिच्या वडिलांचं टायरचं दुकान आणि मामांचा रद्दीचा धंदा. मी मराठी शाळेत, ती उर्दू शाळेत, आणि इंग्रजी दोघींनाही सारखंच परकं. मामांकडे मुंबईहून रद्दीचे गठ्ठे यायचे, त्यात परदेशी कॉमिक्स असत. त्यांना मुखपृष्ठ कधीच नसायचं. न खपलेल्या अंकांचं मुखपृष्ठ तिकडचे विक्रेते फाडून घेत आणि उरलेला अंक रद्दीत घालत, म्हणजे तो पुन्हा विकता येऊ नये. फाडताना बहुतेक वेळा पहिलं पानही निघून यायचं. त्यामुळे अंक कितवा, कुठल्या महिन्याचा, काही कळायला मार्ग नव्हता. मामा म्हणायचे, चकचकीत कागद पुड्यांना चालत नाही, घेऊन जा.

आम्ही चित्रं वाचायचो. मोठा शब्द आला की शब्दकोश, नाहीतर अंदाज. अंदाजावरून जी भांडणं व्हायची ती खालच्या मागाच्या आवाजातही ऐकू जायची. आमच्या आणि तिच्या गच्चीच्या मध्ये गुडघाभर भिंत होती. आम्ही त्या भिंतीवर बसायचो, एक पाय इकडे एक तिकडे. मुली असलं वाचत नाहीत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही काय वाचतो हे कुणी बघितलंच नव्हतं.

एकदा एका गठ्ठ्यात ही कथा सापडली. एका कंपनीचा तांब्याच्या मुखवट्याचा माणूस, ज्याच्या शहरात कायम रात्र. दुसऱ्या कंपनीची पांढऱ्या केसांची बाई, जी वारा थांबवते. दोघं एकत्र. आधी चार अंक मिळाले, मग आणखी एक, आणि बऱ्याच दिवसांनी सहावा. गच्चीवर सहाही अंक पसरून आम्ही त्यांचा क्रम लावायला बसलो. चार अंकांबद्दल वाद नव्हता. उरले दोन. एका अंकात दार बंद होतं, दोघांच्या डोक्यातून सगळं जातं, आणि शेवटच्या चित्रात दोघं आपापल्या शहरात, आपापल्या गच्चीवर एकटे उभे. दुसऱ्या अंकात एक भर बाजार आहे. गर्दीत त्या बाईला तो दिसतो. ती दोन बोटं कपाळाला लावते. तोही लावतो. एक शब्द नाही.

मी म्हटलं, गच्चीवाला अंक शेवटचा. तो शेवटासारखा दिसतो. ती म्हणाली, "असं कुटं संपत असतंय व्हय? हा बाजाराचा शेवटचा. इसरले, तरी वळखलं बग." मी वाद घातला, पण फार नाही, कारण मलाही तसंच हवं होतं. मग तिने आमच्या मागावरचं जाड सूत आणि गोणी शिवायचा दाभण मागून घेतला आणि सहाही अंक एकदम भोसकून शिवून टाकले. शिवल्यावर तो क्रम पक्का झाला.

त्यानंतर आम्ही दोघीही दोन बोटं कपाळाला लावायला लागलो. ती शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी दिसली की मी गच्चीवरून लावायची, ती खालून. हा प्रकार आमच्या आयांना नमस्कारासारखा वाटायचा आणि त्यांना त्याचं कौतुक होतं.

दहावीची परीक्षा झाली आणि तिचं लग्न ठरलं. गुलबर्ग्याचं स्थळ, डाळीचा धंदा. शिवलेला गठ्ठा तिने माझ्याकडे दिला, म्हणाली तिकडे कोण वाचणार, तू ठेव. तिची रुखसत, म्हणजे पाठवणी, झाली त्या दिवशी मी गच्चीच्या भिंतीवर उभी होते. गाडीत बसण्याआधी ती थांबली आणि मान वर केली. मी दोन बोटं कपाळाला लावली. तिच्या कपाळापासून कमरेपर्यंत फुलांच्या सरी होत्या, आणि हात कुठे होते ते मला दिसलं नाही. पुढे माग विकले, आम्ही जुळे सोलापुरात आलो, आई-वडील गेले. गुलबर्गा रेल्वेने जेमतेम दोन तासांवर आहे. मी कधी गेले नाही आणि ती कधी आली नाही.

आता पुन्हा ग्रुपवर. माझ्याकडे सहाही अंक आहेत असं मी ठासून लिहिल्यावर नागपूरच्या मुलाने नम्रपणे विचारलं की ओळखीचं ते चित्र कुठल्या पानावर आहे. मी फोटो काढून टाकला. बाजार, गर्दी, दोन बोटं. थोड्या वेळाने त्याने त्याच पानाचा फोटो टाकला, पण मुखपृष्ठासकट. मुखपृष्ठावर क्रमांक होता दोन. मग एकेक करून त्याने सगळी मुखपृष्ठं टाकली. सहावा अंक गच्चीचा. त्याने लिहिलं, दादा, दुसऱ्या अंकात ते ओळखतात कारण पहिल्या अंकात नुकतेच भेटलेले असतात. शेवटी ते विसरतातच.

मग पोरांनी हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. एकाने विचारलं, दादा, अंक उलटे वाचले का? मी फोन टेबलावर पालथा घातला आणि चहा केला. चहात साखर टाकली नाही हे अर्धा कप संपल्यावर कळलं.

मला लाज वाटली हे खरं, पण ती दोन दिवसांत गेली असती. जे गेलं नाही ते वेगळं होतं. इतकी वर्षं मी हे घेऊन चालले होते की ती दोघं विसरली नाहीत. जगात असं एकदा झालं आहे आणि त्याचा पुरावा माझ्या कपाटात आहे. त्या पुराव्याच्या जोरावर मी हेही धरून चालले होते की ती गाडीत बसताना तिचा हात वर गेला असणार, फक्त फुलांमुळे मला दिसला नाही. मी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. आता क्रमांक दोन बघितल्यावर ते एकदम उघडं पडलं.

मी कपाटातून गठ्ठा काढला आणि कात्रीने सूत कापलं. ठरवलं होतं की अंक खऱ्या क्रमाने लावायचे आणि विषय संपवायचा. बाजाराचा अंक शेवटून काढून दुसरा ठेवला, गच्चीचा खाली. पण दोन कंपन्यांनी आलटून पालटून काढलेले हे अंक आकाराने थोडे वेगळे, आणि दाभण तिरपा गेलेला. आमच्या क्रमात दाभणाने एकदम पाडलेली भोकं नव्या क्रमात एकमेकांवर बसेनात. दोरा एका अंकातून जायचा आणि दुसऱ्याच्या कोऱ्या कागदावर अडायचा. मी ते तसेच सुटे टेबलावर ठेवले. आठवडाभर त्यांच्याशेजारी बसून जेवले.

मला तिला एकच विचारायचं होतं. तुला आठवतं का? बाकी काही नाही.

एका शनिवारी स्कूटी काढून जुन्या गल्लीत गेले. आमचं घर पाडून तिथे तीन मजली इमारत झाली आहे. टायरचं दुकान मात्र होतं तिथेच, आणि त्यात तिचा धाकटा भाऊ, आता पांढऱ्या दाढीचा. त्याने मला ओळखलं. अक्का म्हणत खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. आपा मजेत आहे म्हणाला, नातवंडं झाली. नंबर दिला आणि म्हणाला की फोन कर, खूश होईल. मी घरी आले आणि तो नंबर आठवडाभर, पुढच्या रविवारपर्यंत, तसाच ठेवला. ती ओळखणार नाही ही भीती होती, आणि ओळखून काय बोलणार हीसुद्धा.

दुपारी फोन लावला. पलीकडे कुणाशी तरी कन्नडमध्ये काहीतरी ओरडून मग तिने हॅलो म्हटलं. मी माझं नाव सांगितलं आणि आमच्या गल्लीचं.

"अगं बाई, तू? कुटं हायस तू?"

तिचं मराठी अजून तसंच होतं, मध्येमध्ये दखनीतलं नक्को आणि हौ. ती तूर निवडत बसली होती, सुपात दाणे सरकल्याचा आवाज येत होता. तिला सगळं आठवत होतं. आमच्या आईची शेंगाचटणी आठवत होती. मागावरच्या कामगाराचं गाणं आठवत होतं. मी भिंतीवरून पडून गुडघा फोडला होता तोही आठवत होता, आणि तो डावा होता हे तिला पक्कं माहीत होतं, मला नाही. मी लग्न केलं नाही म्हटल्यावर तिने का ते विचारलं आणि मी सांगायच्या आत म्हणाली, बरं केलंस. मला इतका आनंद झाला होता की मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या घालत होते.

मग मी कॉमिक्सचं विचारलं.

कसली पुस्तकं म्हणाली. मामांच्या रद्दीतली, मी म्हटलं, चित्रांची. तांब्याचा मुखवटा, पांढऱ्या केसांची बाई, आपण दाभणाने शिवली होती. तिने मनापासून आठवून पाहिलं असावं, कारण दाण्यांचा आवाज थांबला. "न्हाय गं," ती म्हणाली. मी कपाळाला बोटं लावायचं विचारलं. गच्चीवरून, गल्लीच्या तोंडाशी. तिने विचारलं, कसली बोटं?

रुखसतीचं मग मी विचारलंच नाही. विचारण्यात अर्थ नव्हता.

फोन ठेवून द्यावा असं वाटलं. गुडघा आठवतो आणि हे नाही, म्हणजे कमाल झाली. पण ती म्हणाली, सांग की काय होतं त्यात, दाणे निवडायचेत अजून. मग मी सांगितली. पहिल्या अंकापासून, खऱ्या क्रमाने. आमच्या क्रमाने सांगायचा मोह झाला होता, खोटं नाही बोलत. तिला काय कळणार होतं? पण इतके दिवस मी त्या सुट्या अंकांशी भांडण्यात घालवले होते आणि आता मला त्या कथेशी खोटेपणा नको होता. बाजाराचं दुसऱ्या अंकात सांगितलं, दोन बोटांसकट. ती मध्येमध्ये हौ म्हणत होती. मध्येच तिचा नातू रडत आला, त्याला तिने काहीतरी खायला दिलं आणि मला म्हणाली, पुढं.

शेवट सांगितला. दार बंद झालं. दोघंही सगळं विसरले. तो त्याच्या गच्चीवर, ती तिच्या गच्चीवर. संपलं.

"दोघं पण इसरले?" तिने विचारलं.

"दोघंही."

"मग ते चूक हाय. असं होत न्हाय." सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. "आता मी इसरले. पण तुला हाय की ध्यानात. एकाला तरी ऱ्हातंय गं."

हे ती सहज बोलली, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशी. मग तिच्या सुनेबद्दल बोलायला लागली. मी हं हं करत राहिले आणि ओढणीने डोळे पुसले. तिला ते कळलं नसावं. सुनेबद्दल तिची बरीच तक्रार होती.

संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं की नागपूरकरांचा क्रम बरोबर आहे, माझा चुकला होता. पण कथा लिहिणाऱ्याचंही चुकलंच आहे. दोघं एकदम विसरत नसतात. एकजण विसरतो आणि दुसऱ्याला ते वागवावं लागतं, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते. ती कुठल्याच कंपनीने काढलेली नाही. ताकदीचे तक्ते मांडणाऱ्याने विचारलं की मग दोघांपैकी कोण विसरला असेल. ह्यावर पोरं दोन-तीन दिवस भांडली. मी त्यात पडले नाही. जाता जाता नागपूरच्या मुलाला सांगितलं की मला दादा म्हणू नकोस, ताई म्हण. त्याने सॉरी ताई असं लिहिलं आणि तेव्हापासून तो माझ्याशी जपून बोलतो. व्हायचं तेच झालं.

सहा अंक मी पुन्हा शिवले. जुन्याच क्रमाने, कारण भोकं तशीच जुळतात. सूत बाजारातून आणावं लागलं.

आता रविवारी दुपारी गुलबर्ग्याला फोन असतो. ती तूर निवडते, नातवाला रागावते, सुनेचं सांगते आणि माझ्या गुडघ्याची चौकशी करते. कॉमिक्सचं तिने परत विचारलं नाही. कधीतरी ये की, असं ती दर वेळी म्हणते आणि दिवस कुठला ते सांगत नाही. तिचा फोन कधी येत नाही. मीच करते.